एआय म्हणतंय 'क्लिअर', पण शोधलं कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात एआय एजंटवर जो लेख आला त्यात पेटंट आणि ट्रेडमार्क सर्चचा विषय दोन ओळींत उरकलाय, की बाबा हे काम आता मशीन काही मिनिटांत करतं आणि तज्ज्ञाकडे जायची गरज राहिलेली नाही. मी बरीच वर्षं पेटंट सर्चच करतोय, पोटापाण्याचा धंदा आहे, त्यामुळे कोणी म्हणेल की याच्या पोटावर पाय येतोय म्हणून ओरडतोय. तसं नाहीये. ही टूल्स मी स्वतः रोज वापरतो आणि आता ती काढून घेतली तर मला जड जाईल, हे आधीच कबूल करतो. पण त्या दोन ओळी वाचून उद्या कोणीतरी आपली आयडिया टूलमध्ये टाकणार, टूल म्हणणार "असं काही सापडलं नाही", आणि गडी साचे बनवायला पैसे घालून मोकळा. म्हणून लिहितोय. पत्र लांबलंय, कापायचं तिथे कापा.

आधी चांगलं काय ते सांगतो. साध्या सर्चमध्ये तुम्ही शब्द टाकता आणि ते शब्द ज्या कागदांत आहेत ते कागद समोर येतात, संपलं. एजंटला तुम्ही आयडिया चार वाक्यांत सांगितली की तो स्वतःच ठरवतो कुठले शब्द घ्यायचे, सर्च मारतो, आलेले कागद वाचतो, त्यातून नवे शब्द उचलतो, परत सर्च मारतो, नको ते गाळतो, परत मारतो. आम्हीही हेच करतो, फक्त आम्ही दुपारनंतर कंटाळतो आणि तो कंटाळत नाही. एस्पेसनेट म्हणून युरोपियन पेटंट ऑफिसचा फुकट डेटाबेस आहे, त्यात १५ कोटींच्या वर कागद आहेत. जगात वर्षाला जेवढे पेटंट अर्ज होतात त्यातले जवळपास निम्मे एकट्या चीनमध्ये होतात. पूर्वी चिनी किंवा जपानी कागद समोर आला की आम्ही आकृत्या बघून अंदाज बांधायचो आणि अगदीच महत्त्वाचा वाटला तर भाषांतराला पाठवायचो, आता एजंट तो कागद वाचून सांगतो की तुमच्या आयडियातली ही गोष्ट अमुक परिच्छेदात आहे. हे खरोखर मोठं काम झालंय, त्याबद्दल दुमत नाही.

आणि पेटंटवाल्यांची भाषा! ती शोधायला जीव जातो. २००१ साली ऑस्ट्रेलियात एका माणसाने चक्क चाकावर इनोव्हेशन पेटंट मिळवलं होतं, कारण त्या प्रकारचं पेटंट देताना तेव्हा कोणी आत डोकावून बघतच नव्हतं आणि त्याला नेमकं हेच दाखवून द्यायचं होतं. पण अर्जाच्या नावात चाक हा शब्दच नव्हता, "वर्तुळाकार वाहतूक सुलभीकरण साधन" अशा थाटाचं नाव दिलं होतं. त्या वर्षी त्याला आणि पेटंट ऑफिसला मिळून इग नोबेल, म्हणजे नोबेलची थट्टा करणारं गमतीचं बक्षीस, मिळालं ते वेगळंच. ती गंमत होती, पण खरेखुरे अर्जही असेच लिहिलेले असतात, स्क्रूला "जोडणी साधन" म्हणायचं, पेनाला "लेखन उपकरण" म्हणायचं, म्हणजे हक्क जितका रुंद मागता येईल तितका मागता यावा. एजंटला हे शब्दांचे मुखवटे बऱ्यापैकी ओळखता येतात, कारण तो नुसते शब्द जुळवत नाही, अर्थ जुळवतो. म्हणून पहिल्या फेरीला त्याच्यासारखा माणूस नाही.

आता जिथे गाडी अडते तिथे येतो.

माझ्या एका मित्राच्या डोक्यात आलं की औषधाच्या गोळ्यांच्या बाटलीला असं झाकण करायचं जे उघडलं की वेळ नोंदवेल, आणि ठरलेल्या वेळी उघडलं नाही तर घरच्यांच्या फोनवर मेसेज जाईल. आयडिया वाईट नाही. त्याने एका एजंट टूलला विचारलं, टूलने छान बांधलेला रिपोर्ट दिला, रंगीत तक्ता वगैरे, आणि शेवटी निष्कर्ष की मिळत्याजुळत्या गोष्टी आहेत पण हुबेहूब असं काही सापडलं नाही, नावीन्याची शक्यता चांगली. मित्र खूश. त्याने मला फक्त दाखवायला म्हणून पाठवला. मी रिपोर्ट वाचायच्या आधी खाली स्क्रोल करून बघितलं की याने शोधलंय काय काय, तर टूलने घेतलेले शब्द सगळे बाजारातले, स्मार्ट बाटली, स्मार्ट झाकण, गोळ्यांचं रिमाइंडर, अशाच धाटणीचे. पण या क्षेत्रातले अर्ज लिहिणारे लोक "स्मार्ट" म्हणतच नाहीत, ते म्हणतात "कंप्लायन्स मॉनिटरिंग", "अ‍ॅड्हिरन्स" (दोन्हींचा रोख एकच, रुग्ण सांगितल्याप्रमाणे औषध घेतो का), "क्लोजर उघडल्याची घटना नोंदवणारं साधन" (क्लोजर म्हणजे आपलं झाकणच). त्याहून मोठी गोष्ट म्हणजे या विषयाला पेटंट वर्गीकरणात स्वतःचं घर आहे, ए६१जे ७/०४, म्हणजे औषध घ्यायच्या वेळेची आठवण किंवा नोंद ठेवणारी साधनं, आणि त्याच्या पोटात बाटली उघडल्याची इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवणाऱ्या साधनांसाठी अजून बारीक खण आहेत. त्या खणात जाऊन बसलं की एकही शब्द न टाकता कागद मिळायला लागतात. टूल त्या खणाकडे फिरकलंच नव्हतं.

वर्गीकरणाबद्दल दोन शब्द, कारण बाहेरच्या लोकांना हे माहीतच नसतं. पेटंट ऑफिसमधले तपासनीस प्रत्येक अर्जाला विषयाप्रमाणे कोड देतात. आंतरराष्ट्रीय वर्गीकरण आयपीसी, आणि २०१३ पासून युरोप आणि अमेरिकेने मिळून चालवलेलं त्याहून बारीक वर्गीकरण सीपीसी, त्यात अडीच लाखांच्या आसपास खण आहेत. अर्ज कुठल्याही भाषेत असो, लिहिणाऱ्याने कितीही फिरवून लिहिलेला असो, कोड देणाऱ्याने तो वाचून कोड दिलेला असतो. त्यामुळे ज्या सर्चमध्ये कोड वापरलेलेच नाहीत ती सर्च मी अर्धी धरतो, मग ती माणसाने केलेली असो की एजंटने. काही टूल्स कोड वापरतात, काही वापरल्यासारखं करतात, आणि हे तुम्हाला रिपोर्टच्या देखणेपणावरून कळत नाही.

त्या झाकणाचं पुढे काय झालं? मी टूललाच परत कामाला लावलं, पण शब्द आणि खण मी दिले, तारखेची मर्यादा काढून टाकली (टूलने आपल्या मनानेच गेली वीस वर्षं धरली होती, का कोण जाणे), आणि वैद्यकीय जर्नल्सपण बघ म्हणून सांगितलं. निघालं काय, तर झाकण उघडल्याची वेळ नोंदवणारी इलेक्ट्रॉनिक झाकणं १९८० च्या दशकापासून औषधांच्या अभ्यासात वापरात आहेत. रुग्ण गोळ्या खरंच वेळेवर घेतात का हे बघायला डॉक्टर लोक ती वापरायचे. म्हणजे मूळ आयडिया जगजाहीर होऊन जमाना झाला. मित्राकडे उरलं ते मेसेज कोणाला कधी जावा यातलं एक छोटं वेगळेपण, त्यावर काहीतरी होऊ शकतं, होईलही. पण पहिल्या रिपोर्टवर विसंबून तो सगळ्या झाकणावर हक्क मागायला निघाला होता.

आणि लक्षात घ्या, दोन्ही वेळा टूल तेच होतं.

माझं सगळं म्हणणं इथेच आहे. एजंटने जे सापडलं म्हणून दाखवलं ते तुम्ही उघडून तपासू शकता, खरं की खोटं लगेच कळतं. "सापडलं नाही" हे कसं तपासणार? नाहीच म्हणून सापडलं नाही, की शब्द चुकले म्हणून, की तो डेटाबेसच टूलकडे नाही म्हणून, की पहिल्या पन्नास कागदांनंतर वाचणं थांबवलं म्हणून? रिपोर्टमध्ये या सगळ्यांचं वाक्य एकच येतं. माणसाने केलेल्या सर्चमध्ये शेवटी एक पान असतं, कुठल्या तारखेला कुठल्या डेटाबेसवर कुठली क्वेरी मारली (म्हणजे नेमके कुठले शब्द आणि कोड टाकून शोधलं), किती हिट आले, त्यातले किती वाचले. ते पान कोणी वाचत नाही, पण रिपोर्टची खरी किंमत तिथे असते. एजंटकडे तर ही नोंद आपोआप तयार होत असते, त्याने प्रत्येक पाऊल टाकलेलं कुठेतरी लिहिलेलं असतंच. मग ती दाखवायला काय हरकत आहे? बरीच टूल्स दाखवत नाहीत, निष्कर्ष मात्र ठळक अक्षरात. मी तर म्हणतो नोंद दाखवत नसेल तर ते टूल या कामाला घेऊच नका, मग ते कितीही भारी असो.

काही गोष्टी तर अशा आहेत की जगातलं कुठलंच टूल दाखवू शकत नाही. बहुतेक देशांत पेटंट अर्ज केला की तो १८ महिने गुप्त असतो, त्यानंतर प्रसिद्ध होतो. म्हणजे आज तुम्ही सर्च केली तर गेल्या दीड वर्षात आलेल्या अर्जांचा बराचसा भाग तुम्हाला दिसूच शकत नाही, आणि ज्या क्षेत्रात सध्या सगळे धावतायत, बॅटऱ्या म्हणा, एआय म्हणा, तिथे नेमकं त्या दीड वर्षातच सगळं घडलेलं असतं. प्रामाणिक रिपोर्ट हे पहिल्या पानावर लिहितो. मी पाहिलेल्या एआय रिपोर्टांत हे वाक्य कधी असतं, कधी नसतं, आणि नसतं तेव्हा निष्कर्ष जास्त आत्मविश्वासाने लिहिलेला असतो असं माझं निरीक्षण आहे, योगायोग असेल.

दुसरं, पेटंट अडवायला आधीचं पेटंटच लागतं असं नाही. कुठलाही आधी जगजाहीर झालेला मजकूर चालतो, कॉलेजचा प्रबंध, जुना कॅटलॉग, प्रदर्शनातलं माहितीपत्रक, व्हिडिओ, काहीही. यातलं बरंचसं स्कॅन झालेलं नाही किंवा पैसे भरल्याशिवाय उघडत नाही. मेकॅनिकल क्षेत्रात तर अजून एक भानगड, की महत्त्वाची गोष्ट फक्त आकृतीत असते. मजकुरात "भाग १४ हा भाग १६ ला जोडलेला आहे" एवढंच, आणि जोडलाय कसा हे चित्रात बघा. आता एजंट चित्रंही बघतात, पण जुन्या स्कॅनमधली फिकट रेघ आणि तिच्यावरचा आकडा बघून हा खटका आहे की स्प्रिंग हे सांगणं अजून त्यांना नीट जमत नाही, मलाही चष्मा पुसावा लागतो.

मग येतं खोटं बोल पण रेटून बोल. २०२३ साली न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात वकिलांनी चॅटजीपीटीने सांगितलेले जुन्या खटल्यांचे निकाल अर्जात दाखल केले, आणि ते निकाल अस्तित्वातच नव्हते. न्यायाधीशांनी ५,००० डॉलर दंड केला. ही गोष्ट आता सगळ्यांना माहितीये, म्हणून लोक म्हणतात नंबर खरा आहे की नाही तेवढं बघून घेतो. पेटंटमध्ये तेवढ्याने भागत नाही. कारण पेटंटचे नंबर सलग असतात, एजंटने मनाने नंबर ठोकला तरी त्या नंबरचं काहीतरी पेटंट बहुधा असतंच! तुम्ही औषधाच्या झाकणाबद्दल विचारलं आणि त्याने दिलेला नंबर उघडला तर आत मासेमारीचं जाळं. नुसता नंबर अस्तित्वात आहे म्हणून टिक मारणारा इथे फसतो. चांगली टूल्स आता थेट डेटाबेसमधून कागद उचलतात, त्यामुळे हे पूर्वीपेक्षा बरंच कमी झालंय. त्याची जागा दुसऱ्या प्रकारच्या चुकीने घेतलीये, ती जास्त वाईट आहे कारण कागद खरा असतो, उताराही खरा असतो, पण एजंट म्हणतो की यात तुमचे चारही मुद्दे आहेत, आणि वाचून बघावं तर तीनच असतात, चौथा त्याने चांगुलपणाने भरलेला असतो. पेटंटच्या कामात सगळा खेळ त्या चौथ्या मुद्द्याचाच असतो. नावीन्य मोडायला एकाच कागदात सगळेच्या सगळे मुद्दे असावे लागतात. तीन इथे आणि एक तिथे असेल तर तो वेगळा वाद, की हे दोन कागद एकत्र करणं त्या क्षेत्रातल्या माणसाला सहज सुचलं असतं का. एजंट या दोन गोष्टींची सर्रास खिचडी करतो.

तशीच खिचडी अर्ज आणि मंजूर पेटंट यांची. कागदाच्या नंबरापुढे एक अक्षर आणि आकडा असतो, ए१, बी१, बी२ असा. ढोबळमानाने ए म्हणजे नुसता प्रसिद्ध झालेला अर्ज, बी म्हणजे मंजूर पेटंट. ए वाल्या अर्जात माणसाने चंद्रही मागितलेला असू शकतो, मिळालाय असं नाही. तुमची वस्तू विकताना कोणाच्या हक्कावर पाय पडतोय का हे बघायचं असेल तर मंजूर झालेले क्लेम, म्हणजे नेमका कशावर हक्क आहे हे सांगणारी पेटंटमधली वाक्यं, बघावे लागतात, आणि तेही ज्या देशात विकणार त्या देशातले, आणि ते पेटंट आज जिवंत आहे का तेही. पेटंट सर्वसाधारणपणे वीस वर्षांपर्यंत चालतं पण मधे फी भरावी लागते, अमेरिकेत साडेतीन, साडेसात आणि साडेअकरा वर्षांनी, इतर बहुतेक ठिकाणी दरवर्षी, आणि फी न भरल्यामुळे कितीतरी पेटंट मधेच मरतात. पीडीएफ वाचून हे कळत नाही, त्यासाठी ऑफिसचं रजिस्टर बघावं लागतं. एजंट पीडीएफ वाचतो आणि सांगतो "धोका जास्त". मेलेल्या पेटंटला घाबरून प्रॉडक्ट बदललेले लोक मी पाहिलेत. म्हणजे टूल नुसतं खोटा दिलासा देतं असं नाही, खोटी भीतीपण घालतं.

ट्रेडमार्कचं वेगळंच. तिथे लोकांना वाटतं हे तर सोपं, नाव टाइप करा आणि बघा आहे का. हुबेहूब तेच नाव शोधणं खरंच सोपं आहे आणि त्याला एजंट कशाला हवा. पण कायदा विचारतो की गिऱ्हाईक गोंधळेल का. दिसायला सारखं, ऐकायला सारखं, अर्थाने सारखं, आणि ज्या मालावर किंवा सेवेवर लावलंय तो माल जवळचा. समजा मित्राने त्या झाकणाला "क्विकडोस" नाव दिलं. रोमनमध्ये क्यूने लिहा, केने लिहा, मधे डब्ल्यू घाला, शेवटी एस ठेवा की झेड, कान एकच ऐकतो. यात देवनागरी आणि बाकीच्या लिप्यांत नोंदवलेली नावं धरा, की यादी वाढतच जाते. एजंटला सांगितलं तर तो हे सगळे प्रकार स्वतः तयार करून शोधतो, हे माणसापेक्षा नक्कीच बरं करतो. सांगितलं नाही तर करेलच याची खात्री नाही.

मालाचे वर्ग ४५ आहेत, नीस वर्गीकरण म्हणतात, १ ते ३४ माल आणि ३५ ते ४५ सेवा. मित्राचं झाकण वैद्यकीय उपकरण म्हणून वर्ग १० मध्ये, फोनवरचं अ‍ॅप वर्ग ९ मध्ये, आणि शेजारी वर्ग ५ मध्ये औषधं बसलेली, जिथे नावं सारखी असली तर रुग्ण चुकीची गोळी घेऊ शकतो म्हणून ऑफिसं जास्त कडक असतात. आता टूलने समजा फक्त वर्ग १० बघितला, तरी रिपोर्टवर हिरवी टिक!

आणि हे फक्त आपल्यासारख्यांचंच होतं असं नाही. मायक्रोसॉफ्टकडे वकिलांची काय कमी? तरी त्यांनी स्कायड्राइव्ह नाव ठेवलं, ब्रिटनमधल्या स्काय या टीव्ही कंपनीने कोर्टात खेचलं, २०१३ मध्ये निकाल स्कायच्या बाजूने गेला आणि २०१४ मध्ये त्याचं वनड्राइव्ह झालं. अ‍ॅपलने जानेवारी २००७ मध्ये आयफोन जाहीर केला तेव्हा आयफोन हे नाव सिस्को या नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीच्या मालकीचं होतं, लगेच खटला झाला आणि पुढच्या महिन्यात तडजोड. यांना नावं माहीत नव्हती असं थोडंच आहे? माहिती असूनही ठरवावं लागतं की हा धोका घ्यायचा का, समोरचा भांडेल का, भांडला तर कुठपर्यंत जाईल. हे ठरवणं सर्चमध्ये बसत नाही, आणि एजंटने दिलेला "धोका ३२ टक्के" असला आकडा मला तर शुद्ध थाप वाटते. कशाचे ३२ टक्के? विचारलं तर सांगता येत नाही.

शिवाय नोंदणी न करताच वर्षानुवर्षं वापरात असलेलं नाव बऱ्याच देशांत हक्क मिळवून बसलेलं असतं, ते रजिस्टरवर नसतंच. त्यासाठी दुकानांच्या साइट्स, अ‍ॅप स्टोअर, डोमेन, सोशल मीडिया सगळं चाळावं लागतं, आणि हे काम मात्र एजंट झक्कास करतो, कारण त्याला इंटरनेटभर हिंडायला आवडतं. लोगोचंही बरंच सोपं झालंय, वायपोने, म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेने, २०१९ मध्ये आपल्या ग्लोबल ब्रँड डेटाबेसवर एआयने चित्र जुळवून शोधायची सोय दिली, ती फुकट आहे आणि कोणीही वापरावी. पैसे देऊन टूल घ्यायच्या आधी या फुकटच्या गोष्टी तरी वापरून बघा, काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगतो. पेटंट अर्ज करायच्या आधी आयडिया जगजाहीर झाली तर तुमचाच अर्ज तुमच्यामुळे पडू शकतो. अमेरिकेत स्वतः उघड केलेल्या गोष्टीला एक वर्षाची सवलत आहे, युरोपात अशी सवलत जवळजवळ नाहीच. टूलमध्ये टाइप केलं म्हणजे जगजाहीर झालं असं मी म्हणत नाही, पण तुम्ही टाकलेला मजकूर कंपनी कुठे ठेवते, पुढे मॉडेल शिकवायला वापरते का, तिचे कर्मचारी तो बघू शकतात का, हे अटींमध्ये लिहिलेलं असतं आणि कोणी वाचत नाही. फुकटच्या चॅटबॉटमध्ये अख्खी आयडिया आकृतीसकट ओतणारे लोक बघितले की माझ्या पोटात गोळा येतो. अगदीच वापरायचं असेल तर आयडियाचे तुकडे करून विचारा, झाकणाचं वेगळं, मेसेजचं वेगळं, आणि ज्या जोडणीत तुमचं नावीन्य आहे ती जोडणी स्वतःकडे ठेवा, ती तुम्ही हाताने शोधा. आता यात काही टूलवाले म्हणतील की आमच्याकडे सगळं सुरक्षित आहे, असेलही, मग तसं करारात लिहून द्या म्हणावं.

बरं, पेटंट ऑफिसंही एआय वापरतात, अमेरिकेच्या ऑफिसने आपल्या तपासनीसांना सारखे कागद शोधून देणारी एआय सर्च दिलेली आहे. पण त्याच ऑफिसने एप्रिल २०२४ मध्ये अर्जदारांना आणि वकिलांना स्पष्ट सांगितलं की एआय वापरा, हरकत नाही, पण कागदावर सही करणाऱ्या माणसाने तो कागद स्वतः तपासलेला असला पाहिजे. मशीनने लिहिलं होतं ही सबब चालणार नाही. म्हणजे तज्ज्ञाची गरज उरली नाही हे तुमच्या लेखातलं वाक्य खुद्द ऑफिसलाच मान्य नाही. काम बदललंय हे खरं. पूर्वी माझा बहुतेक वेळ कागद गोळा करण्यात जायचा, आता तो एजंटने गोळा केलेले कागद उलटे तपासण्यात आणि त्याने न उघडलेले खण उघडण्यात जातो. काही नवशिके सर्चर मात्र ही दुसरी पायरी गाळून एजंटचा रिपोर्ट आपल्या लेटरहेडवर छापून देतायत, आणि गिऱ्हाइकाला ते कळायचा मार्ग नाही. त्याने काय करावं? सरळ विचारावं की क्वेऱ्या दाखवा, वर्गीकरणाचे कोड दाखवा, किती कागद आले आणि किती माणसाने उघडून वाचले ते लिहून द्या. जो दाखवतो त्याच्याकडून काम करून घ्या, त्याने एजंट वापरला की नाही याने मग काही फरक पडत नाही.

आपल्या पेपरकडे एक मागणं आहे. त्या लेखात टूलच्या रिपोर्टचा शेवटचा निष्कर्ष चौकटीत छापला होता, मोठा आणि ठळक. पुढचा लेख याच विषयावर येणार असं खाली लिहिलंय, तर त्यात त्याच रिपोर्टमागची सर्चची नोंद छापा, कुठल्या क्वेऱ्या मारल्या, कुठले डेटाबेस बघितले, कुठल्या तारखेपर्यंतचे कागद धरले. टूलवाल्यांनी ती दिली नाही, तर दिली नाही एवढं तरी त्या चौकटीत छापा.

आपला नियमित वाचक,
एक पेटंट सर्चर